पंचगंगेच्या खोऱ्यात प्रकल्पाचे परिणाम कसे तपासावेत : गावासाठी सविस्तर मार्गदर्शक

साखर कारखान्याची गाळप क्षमता वाढणार, शेजारी आसवनी (अल्कोहोल-इथेनॉल तयार करणारा कारखाना) येणार, नदीवर नवा बंधारा होणार किंवा पूरपट्ट्यात भराव टाकून रस्ता जाणार, अशी खबर आली की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरांना काम मिळेल. दुसरा म्हणतो, नदी संपली. कागद दोघांकडेही नसतो. तो असतो प्रकल्पवाल्यांच्या सल्लागाराकडे, तीन-चारशे पानांचा पर्यावरण परिणाम अहवाल.

त्या अहवालात खोटं काही असेलच असं नाही. पण असे बहुतेक अहवाल प्रकल्पाभोवती १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतात, पावसाळा सोडून एका हंगामातले तीन महिने मोजमाप करतात आणि हवा, पाणी, माती, समाज अशी सुटी प्रकरणं लिहितात. पंचगंगा वर्तुळात वाहत नाही. जुलै-ऑगस्टच्या पुराचा अंदाज डिसेंबरच्या मोजणीवरून बांधता येत नाही. शिवाय नदी, ऊस, म्हशी, बंधारे, तोडणी मजूर आणि दवाखाना ही इथं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की मोठा परिणाम बहुतेक वेळा दोन प्रकरणांच्या मधल्या फटीतून निसटतो. त्यातही सर्वांत जास्त निसटते ती एक गोष्ट: प्रकल्प आल्यावर माणसं आपली शेती, पाणी आणि धंदा कसा बदलतील.

पुढे उदाहरणासाठी नदीकाठचा एक काल्पनिक कारखाना धरला आहे. त्याचं गाळप रोज ५,००० टनांवरून ७,५०० टनांवर जायचं आहे, आणि जोडीला रोज ६० हजार लिटरची आसवनी आहे. बंधारा किंवा रस्ता असला तरी पायऱ्या याच राहतील, आकडे बदलतील.

पायरी १ : निर्णय कोण घेणार, कधी घेणार

आधी हे कळलं पाहिजे, नाहीतर सहा महिने मेहनत करून केलेला अभ्यास निर्णय झाल्यावर टेबलावर जातो. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना निघाली. तिच्यानुसार रोज ५,००० टन किंवा त्याहून जास्त गाळपाच्या साखर कारखान्याला पर्यावरण मंजुरी लागते. प्रकल्प ‘अ’ किंवा ‘ब-१’ गटात असेल तर साधारणपणे जनसुनावणी होते, ‘ब-२’ मध्ये होत नाही. इथेनॉलसाठी या गटवारीत बदल झालेले आहेत आणि काही इथेनॉल प्रकल्प ‘ब-२’ मध्ये जातात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: अर्ज कुठल्या गटात आणि कुठल्या तारखेचा?

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात बघायला मिळतो, सारांश मराठीतही असतो. पण जाहिरात वाचून कामाला लागलात तर उशीर झालेला असतो, कारण ३० दिवसांत ऋतू मोजता येत नाही. केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर अर्ज येतो आणि अभ्यासाची कार्यकक्षा ठरते, तेव्हाच नजर ठेवा. ‘पावसाळ्यातली मोजणी घ्या, खालच्या बंधाऱ्यापर्यंत अभ्यास करा’ अशी मागणी त्या टप्प्यावर लेखी दिली तर तिला वजन असतं. सुनावणीत तीच मागणी केली तर ती नुसती नोंद होते.

पायरी २ : सीमा आखा, एक नाही, तीन

पहिली सीमा पाण्याची. नकाशावर प्रकल्पाचा ओढा, तो जिथे नदीला मिळतो ती जागा, त्याखालचा पहिला बंधारा, त्याच्या डोहातून पाणी उचलणाऱ्या योजना, मग दुसरा बंधारा, असं उतरत जा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. कारखाना करवीर तालुक्यात असला तरी त्याचं पाणी शिरोळच्या विहिरीपर्यंत बोलतं. उलट बाजूनं, वरची धरणंही सीमेत येतात. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. एका दारातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. पुराच्या दिवसांत तुमच्या नदीचं वागणं तिथून ठरतं.

दुसरी सीमा माणसांची. ती नकाशावर सरळ दिसत नाही. पंचगंगेचं पाणी बिघडल्यामुळे इचलकरंजीनं दूधगंगेवरची सुळकूड योजना मागितली आणि कागलकडच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. एका नदीतलं प्रदूषण दुसऱ्या खोऱ्यात पाण्याचं भांडण होऊन उगवलं. कोल्हापूर शहरही आता काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं पाणी आणतं. तेव्हा यादी करताना विचारा: हे पाणी नासलं तर कोण कुठे जाईल, आणि तिथे आधीपासून कोण आहे? तोडणीला येणारे बीडकडचे मजूर, नदीत जाळं टाकणारे भोई, काठावरच्या वीटभट्ट्या, ज्यांची जमीन नाही पण चार म्हशी आहेत अशी घरं, हे सगळे या सीमेच्या आत आहेत. मतदार यादी किंवा सातबारा घेऊन बसलात तर यातले निम्मे सुटतात.

तिसरी सीमा काळाची. मागं २००५ पर्यंत जा. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पूर लोकांच्या स्मरणात पक्के आहेत, म्हणून त्यांच्या आधारानं बाकीच्या गोष्टींची वर्षं लावता येतात (“मोटर बदलली ती २०१९ च्या आधी की नंतर?”). पुढे किमान १५ वर्षं धरा. जमीन क्षारपड (क्षार साठून नापीक) व्हायला तेवढा वेळ लागतो.

पायरी ३ : फुकटचे कागद आधी गोळा करा

पाटबंधारे विभागाकडून बंधाऱ्यांची पातळी, विसर्ग आणि उपसाबंदीच्या तारखा. प्रदूषण मंडळाचे नदीचे मासिक नमुने आणि कारखान्याचं सध्याचं संमतीपत्र. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी. गाव नमुना १२ आणि ई-पीक पाहणीवरून पिकांखालचं क्षेत्र. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जुलाब आणि काविळीच्या महिनावार नोंदी, फक्त आकडे, नावं नकोत. न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवसांची. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं कधीही लिहू नका, तो परत येतो. ‘अमुक बंधाऱ्याची जानेवारी २०१८ ते डिसेंबर २०२३ ची दैनिक पातळी’ असं नेमकं मागा.

पायरी ४ : वर्षाचं चक्र आणि वेगवेगळ्या बैठका

एका मोठ्या कागदावर बारा महिने आडवे मांडा. त्यावर नदी, शेती, कारखाना, मजूर, आजारपण अशा पाच ओळी ओढा. पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) बसतात, पाणी तुंबतं. नोव्हेंबरच्या आसपास गाळप सुरू होतं, तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात, काठावर त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात. मार्च ते मे प्रवाह सर्वांत कमी, जलपर्णी दाट, उपसाबंदी लागू. जूनच्या तोंडाला बरगे निघतात आणि वळवाचा पहिला लोंढा नाल्यांमधली वर्षभराची घाण नदीत आणतो. मासे मरतात ते बहुतेक या शेवटच्या दोन टप्प्यांत. कागदावर हे दिसलं की ‘मोजणी कधी करायची’ हा प्रश्न निम्मा सुटतो.

बैठक ग्रामसभेत घेऊ नका. तिथे सोसायटीचा चेअरमन बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. बायकांची बैठक वेगळी, दुपारी. भोई समाजाची वेगळी, नदीवरच. उपसा योजनेच्या टेलच्या शेतकऱ्यांची वेगळी, कारण हेडला आणि टेलला एकच योजना दोन वेगळ्या योजना वाटतात. मजुरांकडे रात्री जेवणं झाल्यावर किंवा तोड बंद असेल त्या दिवशी जावं लागतं, मुकादम बाजूला नसेल तर बरं.

‘प्रदूषण होतंय का?’ असं विचारलं की ‘लई होतंय’ हेच उत्तर येतं. विचारायचं ते असं: गेल्या उन्हाळ्यात प्यायचं पाणी कुठून आणलं, किती हेलपाटे? म्हैस नदीवर नेणं कधी बंद केलं? जाळ्यात पूर्वी येणारा कुठला मासा आता येत नाही, शेवटचा कोणत्या पुराच्या आधी मिळाला? मोटरीचा फूटव्हॉल्व्ह किती खाली न्यावा लागला? एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं तरच नोंद पक्की धरा.

पायरी ५ : मोजमाप

नमुन्याच्या जागा किमान पाच: प्रकल्पाच्या वर अर्धा किलोमीटर, नाला मिळण्याआधी नाल्यातच, पूर्ण मिसळल्यावर, खालच्या बंधाऱ्याच्या डोहात आणि पिण्याच्या योजनेच्या जॅकवेलजवळ (नदीतून पाणी उचलण्याची विहीर). नाल्याचं पाणी नदीत पडलं तरी बऱ्याच अंतरापर्यंत एकाच काठानं चालतं. त्यामुळे ‘मिसळल्यावर’ ही जागा डोळ्यांनी ठरवू नका. नदीच्या रुंदीच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतरावर तीन नमुने घ्या. तिन्हींची विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं मोजमाप) जवळपास सारखी आली की तिथे मिसळलं. बाटली पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटिमीटरवर भरा, काठावरून भरायची नाही. डोहात तळाजवळचाही नमुना घ्या.

विरघळलेला ऑक्सिजन हा सर्वांत बोलका आकडा, आणि सर्वांत जास्त चुकतोही तोच. शेवाळ भरपूर असलेल्या तुंबलेल्या पाण्यात दुपारी तीन वाजता तो लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर दिसेल आणि त्याच जागी पहाटे साडेपाचला २ वर आलेला असेल. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच तो वापरतं. मासे पहाटे मरतात, नमुना घेणारी गाडी मात्र अकरा वाजता येते. म्हणून पहाट आणि दुपार, एकाच दिवशी, दोन्ही घ्या. दोहोंतला फरक जितका मोठा तितका डोह जास्त आजारी. पहाटेचा आकडा ४ च्या खाली गेला की बहुतेक माशांना त्रास सुरू होतो. आंघोळीच्या पाण्याचा निकष ५ किंवा जास्त आहे, सोबत बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतू वापरतात तो ऑक्सिजन) लिटरमागे ३ मिलिग्रॅम किंवा कमी.

मीटर वापरत असाल तर रोज सकाळी कॅलिब्रेट करा आणि उंची भरायला विसरू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं पाण्यात मावणारा ऑक्सिजनच सुमारे सहा टक्के कमी असतो. मीटर नसेल तर ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरून तिथेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून ऑक्सिजन ‘बांधून’ टाका. प्रयोगशाळेत जाऊन मोजू म्हटलं तर वाटेतच आकडा बदलतो. बीओडीचा नमुना बर्फाच्या पेटीत, साधारण ४ अंशांवर, त्याच दिवशी पोहोचवा. ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, म्हणून प्रयोगशाळा कुठल्या वारी नमुने घेते ते आधी विचारा. सुटी मध्ये आली की नमुना फ्रीजमध्ये पडून राहतो आणि आकडा छान दिसतो. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागचा दुसरा नमुना) वेगळ्या नंबरानं द्या. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर त्या खेपेचे सगळे आकडे बाजूला ठेवा.

आता प्रवाह. सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच, आणि तिच्याशिवाय बीओडीचा आकडा अर्धवट आहे. नाल्याचा सरळ, २० मीटरचा तुकडा निवडा. दोन टोकांना दोरी बांधा. मध्यभागी नारळ सोडा (चेंडू वाऱ्यानं ढकलला जातो, नारळ बराचसा बुडालेला राहतो) आणि सेकंद मोजा. पाच वेळा करा, सरासरी घ्या. वरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं म्हणून वेग ०.८५ नं गुणा, तळ दगडगोट्यांचा असेल तर ०.८ नं. रुंदीत पाच ठिकाणी काठी घालून खोलीची सरासरी काढा.

समजा रुंदी २.५ मीटर, खोली ०.२ मीटर, नारळाला ५० सेकंद लागले. क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर, वेग ०.४ गुणिले ०.८५ म्हणजे ०.३४ मीटर प्रति सेकंद. प्रवाह सेकंदाला १७० लिटर, दिवसाला सुमारे १४.७ दशलक्ष लिटर. आता एक सोपं सूत्र लक्षात ठेवा: मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले दशलक्ष लिटर प्रतिदिन, उत्तर किलो प्रतिदिन. बीओडी ६० असेल तर हा नाला रोज सुमारे ८८० किलोचा बोजा नदीत टाकतो.

हाच बोजा उन्हाळ्यात, नदीत रोज १०० दशलक्ष लिटर प्रवाह आणि बीओडी २ असताना मिसळला, तर नदीचा बीओडी साडेनऊच्या घरात जातो. पावसाळ्यात नदी १०,००० दशलक्ष लिटर वाहत असताना तोच नाला तितकीच घाण टाकतो आणि नदीचा आकडा २ च्या वर जेमतेम सरकतो. म्हणून ‘सरासरी वार्षिक बीओडी’ असं कुणी अहवालात लिहिलं असेल तर त्या ओळीखाली लाल रेघ मारा.

माती आणि विहिरी ऑक्टोबरात आणि मेमध्ये, दोनदा बघा. मातीचे नमुने ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटरचे वेगळे ठेवा. वरवरची माती पावसानं धुतली जाते, त्यामुळे ऑक्टोबरात ती चांगली दिसते आणि क्षार खाली बसलेले असतात. संपृक्त अर्काची (मातीत पाणी पुरतं मुरवून गाळून घेतलेल्या पाण्याची) वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त, विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की चोपण. इथे एक चकवा आहे. बऱ्याच प्रयोगशाळा माती-पाणी १:२ किंवा १:२.५ मिश्रणाची वाहकता देतात. ती संपृक्त अर्कापेक्षा बरीच कमी येते. अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल तर तो आकडा ४ शी ताडून पाहू नका. बिघडलेली जमीन त्यावर ‘उत्तम’ ठरते.

पायरी ६ : पुराची पातळी गावाच्या भाषेत आणा

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पण तुमच्या गावात ४३ म्हणजे कुठवर? गवंड्याची पाण्याची नळी घ्या, २०१९ ची भिंतीवरची खूण पकडा आणि तिथून शाळेची पायरी, कोप्यांची जागा, जॅकवेल आणि प्रकल्पाच्या साठवण तलावाचा बांध यांची उंची फूट-इंचात उतरवा. शंभर-दोनशे मीटरच्या टप्प्याटप्प्यानं पुढे सरका आणि परत मूळ खुणेवर या. एक-दोन इंचांहून जास्त फरक पडला तर पुन्हा करा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की सगळं चुकतं.

आसवनीच्या बाबतीत हे काम सर्वांत महत्त्वाचं. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण १० लिटर सांडपाणी धरलं तर ६० हजार लिटरच्या आसवनीतून रोज ६ लाख लिटर निघेल. कच्च्या स्पेंट वॉशचा (म्हणजे याच सांडपाण्याचा) बीओडी ४०,००० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे दिवसाला २४,००० किलो. पायरी ५ मधल्या नाल्यापेक्षा सत्तावीस पट. ‘आमचा विसर्ग शून्य आहे’ हे कारखान्याचं म्हणणं खरं असू शकतं. बाष्पीभवन आणि ज्वलन नीट चाललं तर थेंब बाहेर पडत नाही. मग प्रश्न असा विचारा: यंत्रणा चार दिवस बंद पडली तर साठवायचं कुठे, आणि त्या तलावाच्या बांधाची माथापातळी २०१९ च्या खुणेच्या वर आहे की खाली? पूरनकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तलाव या दोन रेषांच्या मध्ये असेल तर तेवढं एक वाक्य पुरेसं आहे, बाकी भाषणाची गरज नाही.

रस्त्याचा भराव असेल तर मोऱ्यांची एकूण रुंदी मोजा आणि पूर पसरण्याच्या रुंदीशी ताडा. वरच्या अंगाच्या गावात पाणी किती वेळ तुंबेल हे भरावाच्या उंचीइतकंच मोऱ्यांवर ठरतं.

पायरी ७ : बाण काढा, आणि प्रत्येक बाणाला जाब विचारा

आता सगळं एका चित्रात. गोलांत गोष्टी, मध्ये बाण. प्रत्येक बाणावर तीन नोंदी हव्यात: वाढवतो की घटवतो, किती काळानं, आणि कुणाच्या हातून. तिसरी नोंद न जमणारा बाण बहुतेक वेळा ऐकीव असतो.

एक उदाहरण सावकाश बघू. पुराच्या पट्ट्यात सोयाबीन किंवा भुईमूग चार दिवस पाण्याखाली राहिला की गेला. ऊस तितका लगेच जात नाही, शेंडा पाण्यावर राहिला तर वाचतो. त्यामुळे पूर वाढले तसा शेतकरी काठाला ऊसच लावतो. ऊस वाढला की उन्हाळ्यातला उपसा वाढतो, नदीचा प्रवाह घटतो, नाल्याचा तोच बोजा जास्त बाधतो, पाणी नासतं. दुसरीकडे, पाटपाण्यावरच्या उसानं भूजल वर येतं, काही वर्षांनी जमीन क्षारपड होते, आणि त्या जमिनीत दुसरं पीक येत नाही म्हणून पुन्हा ऊसच. या फेऱ्यात कुणी मूर्खपणा करत नाही, प्रत्येक पाऊल त्या शेतकऱ्याच्या जागी शहाणपणाचं आहे. ‘शेतकऱ्यांना जागृत करा’ हा अहवालांतला आवडता उपाय म्हणूनच निरुपयोगी ठरतो. फेरा तुटतो तो पैशाच्या किंवा पाण्याच्या जागी: क्षारपडीला जमिनीखाली सच्छिद्र पाइप, पाणीपट्टी घनमापावर, पुरात टिकणाऱ्या वैरणीला खात्रीचा भाव.

पायरी ८ : हिशेब, तीन शक्यतांसह

वाढीव गाळप रोज २,५०० टन. हंगाम १४० दिवसांचा धरला तर साडेतीन लाख टन ऊस जादा लागेल. हेक्टरी ९० टन उतारा धरला तर सुमारे ३,९०० हेक्टर. हेक्टरी १५,००० घनमीटर सिंचन धरलं तर ५.८ कोटी घनमीटर, म्हणजे दोन टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडं वर. राधानगरी धरण ८.३६ टीएमसीचं आहे, त्याचा जवळपास चौथा भाग. अहवालाच्या ‘पाणी’ प्रकरणात मात्र कारखान्याच्या पंपाचं पाणी असतं, आणि उसात स्वतःचंच ७० टक्के पाणी असल्यामुळे तो आकडा लहान, सुखावणारा असतो.

पण दोन टीएमसीचा आकडा घेऊन लगेच सुनावणीत उभे राहू नका, समोरचा एका प्रश्नात पाडेल. तो विचारेल: हा ऊस नवीनच लावला जाणार हे कशावरून? म्हणून तीन शक्यता मांडा. पहिली, ऊस शेजारच्या कारखान्याकडून ओढला जाईल. मग पाण्याचा परिणाम जवळपास शून्य, वाहतुकीचा आणि शेजारच्या कारखान्यावरचा परिणाम मोठा. दुसरी, निम्मा ओढला जाईल, निम्मा नवीन लागेल. तिसरी, सगळा नवीन. प्रत्येकीसाठी पाणी वेगळं काढा आणि सिंचनाचं काही पाणी पाझरून नदीला परत येतं हेही लिहा. कुठली शक्यता खरी, याचा कौल मागच्या विस्तारानंतर तालुक्यात उसाखालचं क्षेत्र वाढलं का, यावरून मिळतो. पायरी ३ मधला गाव नमुना १२ इथे कामाला येतो.

माणसांचाही असाच हिशेब करा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीनं रोज दोन टन तोडला असं धरलं तर २,५०० टनांना १,२५० कोयते, अडीच हजार माणसं आणि वर मुलं, चार-पाच महिने नदीकाठी. यंत्रानं तोडणी वाढली तर आकडा उतरेल, पण वाडं (उसाचे हिरवे शेंडे) कमी होईल, आणि वाड्यावर ज्यांची जनावरं जगतात त्यांना वैरण विकत घ्यावी लागेल. कोप्यांना पाणी कुठलं, संडास किती, हे लिहिलेलं नसेल तर तो बोजा नदीवर जातो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. पिण्याच्या पाइपलाइन गटारांना कुठे ओलांडतात याचा नकाशा म्हणूनच परिणामांच्या अभ्यासात असावा.

पायरी ९ : महत्त्व ठरवताना बेरीज करू नका

सल्लागारांचा आवडता तक्ता असतो: रोजगार अधिक ८, पाणी उणे ३, हवा उणे २, एकूण अधिक ३, प्रकल्प चांगला. ही बेरीज अर्थहीन आहे. भोई कुटुंबाचं उणे ३ ट्रॅक्टरमालकाच्या अधिक ८ नं भरून निघत नाही. प्रत्येक गटासाठी वेगळी ओळ ठेवा. तिथे लिहा: काय बदलेल, किती, परत फिरेल का, आणि पर्याय आहे का. परत न फिरणारं आणि पर्याय नसलेलं असेल ते आकड्यानं लहान असलं तरी वर न्या.

प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करा: मोजलेलं, तिघांनी सांगितलेलं किंवा अंदाज. अंदाज लपवला की तोच पकडला जातो आणि मग मोजलेल्यावरही विश्वास राहत नाही.

पायरी १०, सुनावणी आणि त्यानंतर

सुनावणीला गणपूर्ती लागत नाही, दहा माणसं आली तरी ती वैध. लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. चार पानं पुरेत: नकाशा, पहाट-दुपारच्या ऑक्सिजनचा तक्ता, बांधाची पातळी, तीन शक्यतांचा हिशेब, आणि शेवटी अटी. अट अशी लिहा की तपासता येईल. ‘प्रदूषण होऊ देऊ नये’ ही अट नव्हे. ‘खालच्या बंधाऱ्यात पहाटेचा ऑक्सिजन सलग दोन दिवस ४ च्या खाली गेला तर आसवनीचं उत्पादन निम्म्यावर आणावं, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर २४ तासांत लावावेत’ ही अट. कुठला आकडा, ओलांडला तर काय आणि किती वेळात, हे तिन्ही त्यात आहे; कोण मोजणार तेही लिहा.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. म्हणून मंजुरीचा आदेश प्रसिद्ध झाल्याची तारीख लिहून ठेवा. मंजुरी मिळाल्यावर प्रकल्पवाल्यांना अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. त्या दोन तारखा गावाच्या कॅलेंडरवर टाका. डिसेंबरचा अहवाल आला की त्यातले ऑक्सिजनचे आकडे कुठल्या वेळी घेतले ते बघा. वेळ दिलेली नसेल तर पहिलं पत्र त्याच एका गोष्टीसाठी पाठवा.